शितावरून माणसाची परीक्षा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

ताई, बावीस वर्षांपूर्वी मी एक वही सुरू केली. आता त्या चार झाल्या आहेत. माणसाच्या स्वभावावर कुणी काही मार्मिक बोललेलं कानावर पडलं, वाचनात आलं, की मी ते त्यात उतरवून ठेवतो. म्हणी आहेत, सुभाषितं आहेत, कुणाच्या भाषणातली एखादी ओळ आहे. ऑफिसात आणि नातेवाइकांत माझी ओळखच ती आहे. माणूस समोर आला की त्याला चपखल बसेल असं वाक्य मला लगेच सुचतं. लोक हसतात, दाद देतात.

यंदा आई पाच आठवडे हॉस्पिटलात होती. आता घरी आली आहे, बरी आहे. पण त्या काळात माझा पंचवीस वर्षांचा मित्र एकदाही आला नाही. साधा फोनही नाही. त्याच्या अडचणीत मी त्याच्यासाठी बरंच केलं होतं. रागाच्या भरात मी त्याला फोनवर एवढंच लिहून पाठवलं : 'गरज सरो, वैद्य मरो.' त्याने ते वाचलं. उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी त्याच्या पत्नीकडून कळलं, की त्याच सुमारास त्याची नोकरी गेली होती. घरी कुणाला न सांगता तो रोज नेहमीच्या वेळी बाहेर पडायचा आणि नेहमीच्या वेळी परतायचा. कुणालाच तोंड दाखवत नव्हता. आता मला त्याच्यासमोर जायची लाज वाटते.

ही वाक्यं खरी असतात की खोटी? एक म्हण एक सांगते, दुसरी नेमकं उलटं. मी वह्या बंद कराव्यात का? आणि मित्राकडे कोणत्या तोंडाने जाऊ? हे सगळं माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, 'बाबा, मला पण तुम्ही आरंभशूर म्हणता ना.' त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

– एक वहीवाला

प्रिय वहीवाले,

तुमच्या आई घरी आल्या, बऱ्या आहेत, हे वाचून आधी बरं वाटलं. पाच आठवडे हॉस्पिटलच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद ठेवण्यापलीकडे फारसं काम नसतं. त्या दिवसांत तुम्ही चिडलात यात मला काही वावगं वाटत नाही. तुमचा राग खरा होता. प्रश्न तो ज्या चार शब्दांतून बाहेर पडला त्यांचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गरज सरो, वैद्य मरो. या म्हणीत दोन माणसं आहेत. एक रोगी, काम झालं की पाठ फिरवणारा. दुसरा वैद्य, ज्याने गुण दिला आणि ज्याची पुढे कुणी आठवण ठेवली नाही. म्हण निवडताना तुम्ही वैद्याची जागा स्वतः घेतलीत आणि रोग्याची मित्राला दिलीत. त्या एका क्षणी पंचवीस वर्षांची मैत्री देण्याघेण्याचा हिशेब झाली आणि त्या हिशेबात बाकी तुमची निघत होती. मला वाटतं, मित्राला 'कृतघ्न' हा आरोप जितका झोंबला असेल त्याहून जास्त हे झोंबलं असेल, की तुम्ही त्याला केलेली मदत इतकी वर्षं मनात लिहून ठेवली होती. नोकरी गेलेला माणूस आधीच स्वतःला सगळ्यांचं ओझं समजत असतो. त्याच वेळी त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने त्याला जुनं देणं दाखवलं.

हे तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. म्हणी वापरताना आपण सगळेच हे करतो आणि करताना आपल्याला ते दिसत नाही. कोणत्याही म्हणीत चांगली जागा आपण स्वतःसाठी राखून ठेवतो. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हणताना आपण कधीच नाचणारे नसतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणताना आपण नेहमी खोल पाणी असतो. 'गाढवाला गुळाची चव काय' म्हणताना गूळ आपल्या हातात असतो. तुमच्या चार वह्यांमध्ये अशी शेकडो वाक्यं असतील. एखाद्या दुपारी त्या उघडा आणि प्रत्येक वाक्यापाशी पाहा, आजवर यात मी कुणाच्या जागी उभा राहत आलो. मला वाटतं, त्या एका दुपारी तुम्हाला स्वतःबद्दल जितकं कळेल तितकं बावीस वर्षांत इतरांबद्दल कळलं नसेल.

आता तुमचा मोठा प्रश्न. वाक्यं खरी की खोटी?

आपल्याला एखादं वाक्य खरं का वाटतं, यात त्याच्या नादाचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फारशी प्रचारात नसलेली काही यमकाची वचनं घेतली आणि अर्थ तोच ठेवून, यमक मोडून, त्यांची दुसरी रूपं तयार केली. लोकांना विचारलं, हे माणसाच्या वागण्याचं कितपत अचूक वर्णन आहे? यमकाची वाक्यं त्यांना जास्त अचूक वाटली. विशेष म्हणजे, यमकामुळे वाक्य जास्त खरं ठरतं असं मात्र त्यांच्यातलं कुणी मानत नव्हतं. मराठीत तुम्हीही हे करून पाहू शकता. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.' ऐकताच मान डोलते. आता तेच असं म्हणा : 'जे दिसतं ते नेहमी खरं असेलच असं नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांची दिशाभूल होते.' अर्थ तोच आहे, पण मान डोलली नाही. उलट मनात लगेच शंका येते, किती लोकांची? नेहमी की कधीतरी? यमक शंकेला आत येऊच देत नाही. मात्र त्याच प्रयोगात ज्यांना आधी बजावून सांगितलं होतं की वाक्याची गोडी वेगळी ठेवा आणि फक्त म्हणणं तपासा, त्यांच्यावर यमकाचा असर बराच कमी झाला. म्हणजे सावध केलं तर माणूस सावरतो. यात मला दिलासा वाटतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही ओळ तुमच्या वहीत नक्की असेल. माझ्याही वहीत होती, पहिल्या पानावर, शाळेपासून. प्रयत्नाने काहीही साध्य होतं, असा तिचा अर्थ आपण घेतो. ही ओळ भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाच्या मराठी रूपाची आहे. वामन पंडितांनी ते केलं. तो श्लोक पूर्ण वाचला तर कवीचं म्हणणं असं, की वाळूतून एक वेळ तेल निघेल, मृगजळाने एक वेळ तहान भागेल, रानात भटकताना सशाचं शिंगही एक वेळ सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे जी ओळ आपण आशेचं वचन म्हणून भिंतीवर लावतो ती हताश होण्याच्या श्लोकाची पहिली पायरी आहे. श्लोकापासून तोडली आणि ती बरोबर उलटं बोलायला लागली.

एका ओळीचं हे होत असेल तर माणसाचं काय होत असेल? त्याच्या आयुष्यातला एक महिना कापून घ्यायचा, मागचा-पुढचा मजकूर सोडून द्यायचा, आणि त्या तुकड्यावर 'हा असा आहे' असं लिहायचं. तुमच्या मित्राचा 'आला नाही' एवढाच तुकडा तुमच्या हाती होता. 'रोज सकाळी खोटं खोटं कामाला निघत होता' ही पुढची ओळ दोन महिन्यांनी आली.

म्हणींमधल्या विरोधाबद्दल फार लिहीत नाही. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' आणि वाळूच्या तेलाची ओळ, दोन्ही आपल्या घरांत रोज सुखाने नांदतात. फक्त कोणती कुणासाठी काढायची ते आपलं आधीच ठरलेलं असतं. स्वतःच्या मुलासाठी तेल, शेजाऱ्याच्या मुलासाठी खोड. आपल्या माणसाने उशीर केला तर 'सावकाश पण नेमकं', परक्याने केला तर 'वरातीमागून घोडं'. निकाल आधी लागतो, म्हण मागाहून येते, आणि ती इतकी घोटीव असते की निकालही तिनेच दिला असं आपल्याला वाटतं. म्हणून दोन म्हणी एकमेकींच्या विरुद्ध गेल्या तर कोणती खरी हे शोधत बसू नका. आपला हात कोणत्या म्हणीकडे गेला ते पाहा. आणि तो बोचऱ्या म्हणीकडे गेला असेल, तर त्या माणसावर आपला राग आधीपासून आहे का, ते स्वतःला विचारा.

पण तुमच्या पत्राच्या मुळाशी मला आणखी एक म्हण दिसते. ती तुम्ही लिहिलेली नाही, तरी तुमचं सगळं वागणं तिच्यावर उभं आहे : शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून बघायचं आणि भात शिजला का ते सांगायचं. मीही कित्येक वर्षं माणसांच्या बाबतीत हेच करत आले. मग एकदा मनात आलं, ही परीक्षा भाताला का लागू पडते? कारण ते सगळे दाणे एकाच पातेल्यात असतात. तेच पाणी, तीच आच, तितकाच वेळ. एका दाण्यावर जे गुजरलं तेच बाकीच्यांवर गुजरलं, म्हणून एक दाणा सगळ्यांच्या वतीने बोलू शकतो. माणसाचे दिवस असे एका आचेवर शिजत नाहीत. कालचा दिवस निवांत होता, आजचा धावपळीचा. एका दिवशी घरात आनंद होता, दुसऱ्या दिवशी खिशात राजीनाम्याचा कागद होता. हाती आलेलं शीत कोणत्या दिवसाचं आहे ते कळल्याशिवाय उरलेल्या दिवसांबद्दल आपण काय सांगणार?

यावर एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर तो केला होता. प्रत्येकाला सांगितलं, की शेजारच्या इमारतीत जाऊन तुम्हाला एक छोटं भाषण द्यायचं आहे. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, ज्यात रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला दोघे जण टाळून पुढे जातात आणि एक परका माणूस थांबून त्याची सेवा करतो. निघताना काहींना सांगितलं, तुम्हाला उशीर झाला आहे, लोक वाट बघत आहेत. काहींना सांगितलं, आत्ता निघा, वेळेवर पोचाल. काहींना सांगितलं, अजून अवकाश आहे, तरी निघून ठेवा. आणि वाटेत एका दारापाशी, मान खाली घातलेला, खोकणारा, कण्हणारा एक माणूस बसवून ठेवला होता. ज्यांना अवकाश होता त्यांच्यापैकी ६३ टक्के जण थांबले. मधल्या गटातले ४५ टक्के. घाईतले फक्त १० टक्के. कोण धर्माकडे कोणत्या भावनेने बघतो याचीही माहिती संशोधकांनी आधी घेतली होती. कोण थांबेल आणि कोण पुढे जाईल हे तिच्यावरून सांगता आलं नाही. भाषणाचा विषय कोणता होता यानेही लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पाडला तो घाईने.

आता त्या दारापाशी तुम्ही वही घेऊन उभे आहात असं समजा. दयेच्या गोष्टीवर भाषण द्यायला निघालेला एक तरुण कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून झपझप पुढे गेला. तुम्हाला किती वाक्यं सुचतील! 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण' तर जिभेवर तयारच असेल. ते चपखल बसेल, लोक दाद देतील. आणि तोच तरुण, दहा मिनिटं हाताशी असती, तर बहुधा त्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसला असता.

माणसाच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि त्याच्या परिस्थितीकडे डोळेझाक करायची, या सवयीला मानसशास्त्रात नाव आहे. ली रॉस यांनी १९७७ साली ते दिलं. नाव जड आहे आणि त्याची आपल्याला गरजही नाही. आपल्या आजीपणजींच्या भाषेत ते आधीपासून आहे : 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.' तुमच्या वहीत ही असेल. ती अधोरेखित करा, कारण माणसाबद्दलच्या ज्या थोड्या म्हणी निकाल न देता आपल्याला उठून त्याच्याकडे जायला लावतात, त्यांपैकी ही एक आहे.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर माझं म्हणणं भाबडं वाटेल. माणसांना पारखूच नये, सगळ्यांना सगळं माफ करावं, असं मी सांगत नाही. काही माणसं खरोखर फसवतात, काही खरोखर वापरून घेतात, आणि त्यांच्यापासून वेळीच दूर होणं शहाणपणाचं असतं. एखादा माणूस सुखात असताना, अडचणीत असताना, घाईत आणि निवांत, सगळ्या वेळी तुमच्याशी एकसारखाच वाईट वागत असेल, तर तुमच्या हातात वेगवेगळ्या आचेवरची बरीच शितं जमली आहेत. तेव्हा विश्वास ठेवा त्यांच्यावर. पण तेव्हाही नामापेक्षा क्रियापद वापरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. 'तो घेतलेले पैसे परत करत नाही' असं म्हटलं की पुढे काय करायचं ते कळतं, पैसे द्यायचे नाहीत. 'तो लबाड आहे' असं म्हटलं की काही करायचं उरत नाही. ते नुसतं म्हणत राहायचं, आयुष्यभर. आणि क्रियापदात बदलाला वाव असतो. परत करत नाही, असं ज्याच्याबद्दल म्हणतो तो एखाद्या दिवशी परत करू शकतो.

वह्या बंद करू का, असं विचारता. मुळीच नको. मला तुमच्या वह्या आवडल्या असत्या. माणसाबद्दल इतकं कुतूहल फार थोड्यांना असतं, आणि बावीस वर्षं जपणारे तर दुर्मीळच. त्या वह्या कुणासाठी उघडायच्या एवढंच बदला.

समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत, दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात. एकामागून एक, इतकी नेमकी, की वाचताना ओळखीचे चेहरे डोळ्यांसमोर यायला लागतात. हा आपला साहेब, ही आपली आत्या. पण शेवटाकडे ते स्पष्ट करतात, की ही लक्षणं त्यागासाठी सांगितली आहेत. त्याग तर माणूस स्वतःच्याच गोष्टीचा करू शकतो ना! मग ती ओळखायची कुणात? आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं येतात. भरपूर शिकलेला, जाणता, तरीही मूर्ख. त्याचं एक लक्षण असं सांगितलं आहे, की तो आपल्या जाणतेपणाच्या बळावर सगळ्यांना नावं ठेवतो आणि प्रत्येक जिवातलं उणं पाहतो. हा समास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दुसऱ्यांचे चेहरे आठवायचे थांबले.

रामदासांच्याच काळात दूर फ्रान्समध्ये ला रोशफुको नावाचा एक सरदार अशीच छोटी, धारदार वाक्यं लिहीत होता. बंडात भाग घेऊन, चेहऱ्यावर गोळी झेलून, जवळजवळ दृष्टी गमावून परतलेला हा माणूस. आपल्या सद्गुणांच्या आत स्वतःवरचं प्रेम कसं दडून बसतं, हा त्याचा आवडता विषय. तो तुम्हाला आवडेल. पण मी त्याचं नाव घेतलं ते वेगळ्या कारणासाठी. १६६५ साली त्याची वचनं छापून आली आणि १६७८ पर्यंत त्याने त्यांच्या पाच आवृत्त्या काढल्या. दर वेळी काही वचनं वाढवली, काही काढून टाकली, काही बदलली. त्याची सगळ्यात गाजलेली वचनं पाहिली तर त्यांत 'बहुतेक वेळा', 'पुष्कळदा' असे शब्द भेटतात. ज्याने आयुष्य वाक्याला धार लावण्यात घालवलं, त्यालाही 'बहुतेक वेळा' हा शब्द वगळून चाललं नाही.

म्हणून तुमच्या वहीत आता एक नवी सवय लावा. डावीकडे वाक्य लिहा आणि उजवं पान कोरं सोडा. त्या पानावर दोन गोष्टी लिहायच्या. हे वाक्य मला स्वतःला कधी लागू पडलं, तो प्रसंग. आणि हे वाक्य कधी खोटं ठरलं, तो प्रसंग. आठवण्याची घाई करू नका, काही पानं वर्षानुवर्षं कोरी राहतील. 'गरज सरो, वैद्य मरो' समोर तर आजच लिहिता येईल. तुमच्या आयुष्यातही असे वैद्य असतील, ज्यांनी तुम्हाला कधीकाळी उभं केलं आणि ज्यांना फोन करून बरीच वर्षं झाली. ते तुम्हाला काय म्हणत असतील? आणि एखादं वाक्य दुसऱ्याबद्दल ओठांवर आलंच, तर क्षणभर थांबून बघा : हे म्हटल्यावर मला त्या माणसाबद्दल आणखी जाणून घ्यावंसं वाटेल, की आता काही जाणायचं उरलं नाही असं वाटेल? दुसरं उत्तर आलं तर ते गिळून टाका. ते कितीही सुंदर असलं तरी.

मित्राकडे कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणता. आहे त्याच तोंडाने जा, पण प्रत्यक्ष जा. जे लिहून बिघडलं ते लिहून दुरुस्त करायला जाऊ नका, आणि तुमच्यासारख्या माणसाने तर मुळीच नको. तुम्ही लिहायला बसलात की वाक्य सुंदर व्हायला लागेल. त्याच्या पत्नीला विचारून त्याला सोयीची वेळ बघा. गेल्यावर तुम्ही काय केलंत ते सरळ सांगा : तू अडचणीत होतास, मी विचारपूस केली नाही, आणि तुला ते चार शब्द पाठवले. आईचं आजारपण मध्ये आणू नका. ते खरं आहे, त्यालाही माहीत आहे, पण क्षमा मागताना आपलं दुःख पुढे ठेवलं की ऐकणाऱ्यालाच आपलं सांत्वन करावं लागतं. 'पण' हा शब्द त्या दिवसापुरता घरी ठेवून जा. जुन्या मदतीचा उल्लेखही नको, 'ती मी विसरलो' असाही नको. आणि मग विचारा, ते दिवस तू कसे काढलेस? दिवसभर कुठे असायचास? हा प्रश्न त्याला आजवर कदाचित कुणीही विचारला नसेल. तो बोलायला लागला तर मध्ये एकही म्हण घालू नका. तो गप्प राहिला तर त्याच्यासोबत थोडा वेळ गप्प बसा आणि उठा. माफ केलंस का, हे त्या दिवशी विचारू नका. त्याला महिने लागू शकतात. तो परत मित्र होईलच, असं मी सांगू शकत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी, जाताजाता लिहिलं आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तुमचा मित्र मोठा आहे. त्याने तुमचं वाक्य वाचलं, दुखावला, आणि फोन बाजूला ठेवला. ते वाक्य बाहेरून आलं आहे हे त्याला कळत होतं. चौदा वर्षांच्या मुलीला वडिलांचा शब्द बाहेरून आल्यासारखा वाटत नाही.

लहानपणी एकदा माझ्या हातून काचेचा पेला पडला आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने मला 'धांदरट' म्हटलं. म्हणताना माया होती, सगळे हसले, मीही हसले. शब्द घरात रुजला. पुढे कुणी माझ्या हातात काही नाजूक दिलं की दुसरं कुणीतरी म्हणायचं, जपून, ती धांदरट आहे. आणि ती वस्तू पडायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं काचेच्या परीक्षानळ्या हाताळल्या, एकही फुटली नाही. सुट्टीत घरी गेले की पहिल्या दिवशी कपाचा कान माझ्या हातात आणि कप जमिनीवर. माझ्या हातांत काही दोष नव्हता. त्या घरात शिरताना ते हात तो शब्द बरोबर घेऊन शिरायचे. हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. म्हणणारं माणूस तेव्हा हयात नव्हतं, नाहीतर मी त्यांना विचारलं असतं, तो शब्द परत घ्याल का?

तुम्ही हयात आहात, मुलगी चौदाचीच आहे. आरंभशूर म्हणजे तिने काहीतरी सुरू केलं आणि सोडलं, दोनदा, चारदा. चौदाव्या वर्षी दुसरं काय करायचं असतं? आपल्याला काय आवडतं हे त्या वयात सुरू करून आणि सोडूनच कळतं. तिने सोडलेल्या गोष्टींपैकी एखादीबद्दल तिला विचारा, तपासणीच्या सुरात नको, मित्राला विचाराल तसं. कदाचित शिकवणारं माणूस बदललं असेल. कदाचित बरोबरच्या मैत्रिणीने सोडलं असेल. कदाचित तिला जे हवं होतं ते तीन महिन्यांत मिळूनही गेलं असेल. मला जास्त भीती वेगळी वाटते, की आताशा ती नवं काही सुरूच करत नसेल. ते जरा बघा.

आणि तो शब्द परत घ्या. तिला खोलीत बोलावून, हळू आवाजात, एवढ्याने भागणार नाही. तुम्ही तो नातेवाइकांत, दाद मिळवत दिला असणार, तर परत घेतानाही तीच माणसं समोर असू द्या. पुढच्या वेळी सगळे जमले आणि कुणी सवयीने तुमच्याकडे एखाद्या मार्मिक वाक्यासाठी पाहिलं, की तिचं नाव घ्या आणि साध्या शब्दांत सांगा : हिला मी आरंभशूर म्हणत आलो, ते माझं चुकलं. पुढे काही जोडू नका. काही जण हसण्यासाठी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबतील. त्यांना थांबू द्या.